जिजींची पाठ

जखम तळहाताएवढी होती. माकडहाडावर, बरोबर मध्ये. कडा काळ्या पडलेल्या, आणि आत पिवळट चिकटा.

वसंतशेट खोलीच्या दाराबाहेर पाठ करून उभे होते. आईचं अंग उघडं होतं म्हणून ते आत आले नव्हते, पण बोलायचे थांबले नव्हते.

"बघितलंत ना, सिस्टर? ही त्या केंद्राच्या बाईची सेवा. माझ्या आईला जिवंतपणी कुजवलं तिनं. ते केंद्र बंद झालेलं पाहिजे मला."

मी ऐकत ऐकत कामाला लागले. जखम धुतली, कोरडी केली, वर गॉज ठेवला. म्हातारीला घरात सगळे जिजी म्हणत. जिजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना कुशीवर घेताना त्यांच्या सुनेनं, सरोजनं, मी सांगायच्या आधीच दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली होती. खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटला वळवताना हे करावंच लागतं. नाहीतर वरचा पाय घसरतो, हाड हलतं आणि माणूस कळवळतो. पण घरच्या माणसांना हे सहसा माहीत नसतं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

सरोजनं नुसती चादर नीट केली.

मी तेव्हा जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात पब्लिक हेल्थ नर्स होते. म्हणजे वॉर्डातली नर्स नव्हे. गावोगाव फिरायचं, उपकेंद्रं तपासायची, दायांचं ट्रेनिंग घ्यायचं आणि कुठं काही बिघडलं की जाऊन बघून रिपोर्ट द्यायचा. या वेळी बिघडलं होतं ते एका घरसेवा केंद्रात. परभणीत विमलताई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका हे केंद्र चालवत. त्यांचे यजमान अर्धांगवायूनं फार वर्षं अंथरुणात होते. त्यांचं करता करता बाईंच्या लक्षात आलं की अशी माणसं घरोघर आहेत आणि त्यांना हात लावणारं कुणी नाही. यजमान गेल्यावर त्यांनी गरजू बायका जमवल्या, सरकारी दवाखान्यात त्यांचं थोडं शिक्षण करवून घेतलं आणि त्यांना पेशंटच्या घरी पाठवायला सुरुवात केली. अंग पुसणं, शौचाचं भांडं देणं, भरवणं, कूस बदलणं. त्या काळी आपल्या भागात असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. सरकारकडून केंद्राला थोडी ग्रँट होती, म्हणून तपासणीचा अधिकार आमच्याकडे.

वसंतशेटचं सेलूच्या मोंढ्यात कापसाचं आडत दुकान होतं आणि वर ओळखी होत्या. त्यांची तक्रार आली तसं साहेबांनी मला बोलावलं. "सिस्टर, प्रकरण साधं आहे. जाऊन या, केंद्र बंद करायची शिफारस द्या." मी पॅसेंजर पकडून सेलूला आले.

जखम बघितल्यावर मलाही प्रकरण साधंच वाटलं.

बेडसोअर म्हणजे काय ते सांगते. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तिथं रक्त पोचत नाही. आधी लाल होते, मग काळी पडते, मग फुटते. एकदा झाली की औषधानं बरी झाली तर झाली. खरं औषध म्हणजे ती होऊ न देणं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ धुऊन कोरडी करायची, चोळायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. एवढं केलं तर वर्षानुवर्षं पडलेल्या माणसाची पाठही गुळगुळीत राहते. त्यामुळे अशी जखम दिसली की आम्ही एकच अर्थ काढतो. कुणीतरी हात लावायचं टाळलं.

निघताना मी वसंतशेटना विचारलं, "जिजींना मागच्या खोलीत का ठेवलंय?" ती खोली परसदाराला लागून होती. एका बाजूला सरकीची पोती रचलेली. घरातली माणसं पुढे, म्हातारी मागे. तिनं हाक मारली तर ऐकू जाईल की नाही याची मला शंका होती.

"मागं हवा चांगली असते," ते म्हणाले. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. स्वामी म्हटल्यावर, "म्हणजे लिंगायत जंगमाच्या का?" असं म्हणून त्यांनी चहा बैठकीत मागवला. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा दुभंगला होता. घरं जळून गेलेली माणसं अजून आमच्या गावांत राहत होती. नवीन माणूस भेटला की लोक आधी आडनाव विचारत आणि मग त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरवत. त्यामुळे प्रश्नाचं मला काही वाटलं नाही. चहा घेतला आणि परतले.

दुसऱ्या दिवशी परभणीत केंद्रावर गेले. एक पत्र्याची खोली, एक कपाट, भिंतीला लावलेली बाकं. विमलताई उंच, पांढऱ्या केसांच्या, शाळेत बोलतात तशा मोठ्यानं बोलायच्या. मी कपाट उघडायला लावलं. रजिस्टरं व्यवस्थित होती, आणि व्यवस्थित रजिस्टर मला कधीच काही सांगत नाही. मी वस्तू बघितल्या. थर्मामीटर एकच, तोच सगळ्या घरांतून फिरणारा. गरम पाण्याच्या रबरी पिशव्यांना कापडी खोळ नव्हती. ज्याच्या पायाला संवेदना नाही अशा पेशंटला तसली पिशवी लावली तर कातडी भाजते आणि त्याला कळतही नाही. पेशंट अचानक गळून गेला तर बाईनं कुणाला कळवायचं, याचा काही नियम नव्हता.

"बाई कामावर गेली की तिथं जाऊन कोण बघतं?"

"परभणीत मी जाते," विमलताई म्हणाल्या. "बाहेरगावी नाही जमत, सिस्टर. गुडघे चालत नाहीत."

"सेलूला एकदाही गेला नाहीत?"

"पहिल्या दिवशी सोडायला गेले होते. कौसाबाई माझी सगळ्यात चांगली बाई आहे. हे तिच्या हातून होणार नाही."

"झालंय, विमलताई. मी बघून आलेय."

त्या खाली बसल्या. मला त्यांची कीव आली, पण जखम डोळ्यांसमोर होती. मी विचारलं, की बाहेरगावी अजून कुणाचं काम चालू आहे. त्या म्हणाल्या, झरीला नसीमबी आहे.

झरीला मी न कळवता गेले. तपासणीला कळवून जाण्यात अर्थ नसतो. शेतकऱ्याचं घर होतं, ओसरीवर खाट, खाटेवर मारोतराव. आंब्याच्या झाडावरून पडून कमरेखालचं अंग गेलेलं. मी पोचले तेव्हा त्यांची बायको पायाशी आणि नसीमबी खांद्याशी उभी होती. दोघींनी कमरेखालच्या आडव्या चादरीची टोकं धरली होती. हिला आम्ही ड्रॉशीट म्हणतो. माणसाला ओढायचं नसतं, चादरीसकट उचलून सरकवायचं असतं. नसीमबी म्हणाली, "चला भाबी," आणि मारोतराव एका झटक्यात कुशीवर आले. मी पाठ बघितली. एक लाल ठिपका नव्हता.

मारोतराव हसून म्हणाले, "शिष्टर, ही बाई मला भाकरीसारखं उलटते बगा. एक बाजू करपू देत न्हाई."

"रात्री कोण उलटतं?"

"मी हाय की," बायको म्हणाली. "आन् माजा दीर. दोगं मिळून करतो. एकट्याच्यानं होतंय का हे? जड हाय गडी."

खाटेखाली बादलीभर पाणी, तांब्या, साबण. घडवंचीवर टॉवेल वाळत घातलेले. नसीमबी पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवायची, तिथल्या तिथं. तिचं आणि कौसाबाईंचं शिक्षण एकाच दवाखान्यात, एकाच वेळी झालं होतं. परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. शिक्षण एक, केंद्र एक. मग एक पाठ गुळगुळीत आणि दुसरीला भोक, हे कसं? मी अजून कौसाबाईंना भेटलेच नव्हते. त्यांना न विचारता शिफारस लिहिणं बरोबर नव्हतं.

पुन्हा सेलू. कौसाबाई नांदेडकडून येऊन तिथल्याच भीमनगरात राहिल्या होत्या; मोंढ्याकडं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. चाळिशीच्या, रुंद हाडाच्या, अगदी शांत. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि समोर उभ्या राहिल्या. कामावरून काढलं त्याला पंधरवडा झाला होता.

"जिजींच्या पाठीला जखम कशी झाली?"

"झाली," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कूस बदलत होतात?"

"जमंल तसं."

"जमेल तसं म्हणजे?"

मी तऱ्हेतऱ्हेनं विचारलं. पाठ चोळत होतात का, चादर बदलत होतात का. प्रत्येक वेळी "जमंल तसं". शेवटी मी जरा चिडून म्हणाले, "कौसाबाई, तुमच्यामुळं केंद्र बंद पडायलाय. बाकीच्या बायका घरी बसतील. काही असेल तर सांगा."

"मला कायबी सांगायचं न्हाई, शिष्टर. विमलताईला तकलीफ नगं." मग म्हणाल्या, "म्हातारी कशी हाय? जेवायलीय का?"

स्वतःची नोकरी गेलेल्या बाईनं हे विचारावं, याचं मला आश्चर्य वाटलं. मी म्हणाले, "चला माझ्यासोबत. रोज जसं करत होतात तसं करून दाखवा. बोलू नका काही. फक्त करा."

त्या तयार होत नव्हत्या. म्हातारीचं ड्रेसिंग करायचं आहे आणि मला मदत लागेल, असं म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला.

वसंतशेटना पटवायला वेळ लागला. "ती बाई पुन्हा माझ्या घरात?" ते म्हणाले. मी म्हणाले, "तुमचीच बाजू पक्की होईल. तिची चूक माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी लिहू कशी?" ते कबूल झाले, दुकानातून घरी आले आणि मधल्या दारात उभे राहिले. मी पुढच्या दारानं आत गेले. मागे वळून बघते तर कौसाबाई नाहीत. त्या गल्लीतून वळसा घालून परसदारी गेल्या होत्या. मी मागच्या खोलीत पोचले तेव्हा त्या बाहेरच्या पायरीशी रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या.

"पाणी भरून घ्या," मी म्हणाले. नळ आत चौकात होता, दहा पावलांवर.

"रोज असंच हाय, शिष्टर. तुमी मनला रोजच्यासारखं करा."

आम्ही थांबलो. जिजी आतून कण्हत होत्या. स्वयंपाकघरात सरोजचं काहीतरी चालू होतं. बऱ्याच वेळानं ती गरम पाण्याचं भांडं घेऊन आली, पायरीवरून हात लांब करून वरून बादलीत पाणी ओतलं आणि मागे सरली. पाणी दगडावर उडालं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बादली आत येईपर्यंत पाणी कोमट झालं होतं, आणि होतं तरी किती? अंग पुसून झाल्यावर हात धुवायला उरणार नव्हतं.

मी लिहून घेत नव्हते. फक्त बघत होते.

मग कौसाबाई जिजींना वळवायला लागल्या. एक हात खांद्याखाली, एक खुब्याखाली. जिजी अंगानं भारी होत्या. कौसाबाईंनी जोर लावला तसा वरचं धड वळलं, पण पाय मागेच राहिला. जिजींनी ओरडून त्यांचा दंड धरला. मी हात मागे बांधून उभी होते, कारण मी हात लावला तर रोजचं काय ते मला दिसणार नव्हतं. तरीही मी पुढे झालेच असते. पण माझ्या आधी सरोज उंबरठा ओलांडून आत आली होती. तिनं पाय धरला, उशी उचलून गुडघ्यांत घातली आणि कौसाबाईंकडे बघितलं.

"एक, दोन," कौसाबाई म्हणाल्या आणि तीनला दोघींनी मिळून जिजींना कुशीवर घेतलं. अगदी अलगद. सरोजचा हात कुठं जायचा, कौसाबाईंचा कुठं, हे दोघींच्या अंगात भिनलेलं होतं. हे दोघींनी पूर्वी कितीतरी वेळा केलं होतं.

सरोज स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. वसंतशेट दाराची चौकट धरून उभे होते.

"तुम्ही दोघी मिळून करत होतात हे," मी म्हणाले.

"हो," सरोज हळूच म्हणाली. "सुरुवातीला. यांनीच शिकवलं मला."

"मग बंद का झालं?"

तिनं दाराकडे बघितलं. उत्तर दिलं ते जिजींनी, भिंतीकडे तोंड करूनच.

"हिचं आडनाव कळल्यापासनं."



"नांदेडहून वसंताची मावसबहीण आली होती," जिजी म्हणाल्या. "तिनं हिला वळखलं. बैठकीत बसून आडनाव सांगितलं. त्या दिशी माझी खाट उचलून हितं आणली. पाणी बाहीर झालं. सून माझ्याजवळ यायची बंद झाली. हिला एकटीला मी उचलंना, आन् ही रडायची. मला कुणी इचारलं न्हाई. पाठ माझी हाय का त्यांची?"

मी कौसाबाईंना म्हणाले, "ड्रेसिंग करू या." आम्ही ते केलं. सरोज बाहेर गेली नाही. तिनं आतून, नळावरून, बादली भरून आणली आणि खाटेखाली ठेवली.

मग मी बैठकीत वसंतशेटच्या समोर जाऊन बसले. ते टेबलावरची काच पुसत होते.

"आडनाव कळल्यावर मी तिला काढलं नव्हतं, सिस्टर," ते म्हणाले. "दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी हाकललं असतं. मी म्हटलं, गरीब बाई आहे, राहू दे. फक्त घरात थोडं पाळावं लागतं. देवघर आहे, पाहुणे येतात, मोंढ्यात चार लोक बोलतात. घरातल्या बायकांनी तिला शिवलं की अंघोळी."

"तेव्हाच काढलं असतंत तर केंद्रानं दुसरी बाई पाठवली असती आणि जिजींची पाठ वाचली असती."

"म्हणजे चूक माझी?"

"अर्धी. अर्धी केंद्राची."

मला त्यांचा राग येत होता, पण समोर बसलेला माणूस आईसाठी खरोखर तळमळत होता, हेही दिसत होतं. तक्रार त्यांनी खोटी केली नव्हती. कारण फक्त दुसरीकडे बोट दाखवून शोधलं होतं. आतून सरोज चहा घेऊन आली आणि उभी राहिली. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "दर दोन तासांनी शिवायचं म्हणजे दर दोन तासांनी अंघोळ, सिस्टर. किती वेळा करू? म्हणून जायची बंद झाले. मला माहीत होतं काय होणार ते."

ही शिवाशिव पाळणं कायद्यानं गुन्हा होता. मी परत जाताना कौसाबाईंना तसं सांगितलं. फिर्याद द्यायची असेल तर मी साक्षीला येईन, म्हणाले.

त्या चालता चालता म्हणाल्या, "फिर्याद देऊन मी राहू कुटं? हितंच राहायचंय मला. लेकीचं लग्न हितंच करायचंय." मग म्हणाल्या, "तुमी मनलात हेच लय झालं."

"केंद्राला का नाही कळवलंत?"

"कसं कळवू? विमलताईनं पैल्या दिशीच सांगितलं होतं, कौसाबाई मनायचं, आडनाव सांगायचं न्हाई. आता मी जाऊन सांगितलं आसतं की पाणी बंद झालं, तर त्या मनल्या आसत्या, आडनाव कळलंच कसं?"

हे ऐकल्यावर मला खोळ नसलेल्या पिशव्या आणि एकुलता थर्मामीटर फार किरकोळ वाटायला लागला.

विमलताईंना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी आधी वाद घातला. "आडनाव सांगितलं असतं तर एक घर दार उघडत नव्हतं, सिस्टर. तुम्हाला माहीत आहे हल्ली काय चाललंय. या बायकांना काम पाहिजे होतं आणि पडलेल्या माणसांना हात पाहिजे होते. मी दोघांची गाठ घालून दिली. त्यात एक आडनाव गाळलं, तर काय बिघडलं?"

"बिघडलं ते मी बघितलंय," मी म्हणाले. "तुम्ही त्यांना आत सोडलंत, पण आत काही झालं तर तुमच्याकडं यायचा रस्ता बंद केलात. कौसाबाईला पाणी मिळत नव्हतं. उद्या कुणी तिच्या अंगावर हात टाकला तरी ती तुम्हाला सांगणार नाही. आडनाव विचारतील म्हणून."

आयुष्यभर वर्गात बोललेली बाई, पण तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला. "मी त्यांना जपत होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

आता रिपोर्ट. मी तो साध्या भाषेत लिहिला. रुग्णाजवळ पाण्याची व हात धुण्याची सोय काढून घेतली गेली. कूस बदलायला लागणारी दुसरी व्यक्ती मिळाली नाही. रुग्णाला हाकेच्या अंतराबाहेर हलवलं. या तिन्ही गोष्टींचं कारण, सेविकेची जात कळणं. सेविकेनं केंद्राला कळवलं नाही, कारण केंद्रानंच तिला जात लपवायला सांगितलं होतं. केंद्र बंद करू नये. अटी घालून चालू ठेवावं.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"सिस्टर, हे जातीचं कशाला? दिवस वाईट आहेत. 'देखरेखीचा अभाव' असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"देखरेखीचा अभाव होताच, साहेब. तोही लिहिलाय. पण तेवढंच लिहिलं तर केंद्र बंद होईल, आणि त्या घरात उद्या येणाऱ्या बाईचंही तेच होईल."

"शेट वर जातील."

"जाऊ द्या. त्यांच्या आईनंच सांगितलंय. त्यांनी ऐकलंय."

साहेब भला माणूस होता, फक्त त्याला शांतता आवडायची. त्यानं रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "टाइपिंगला देऊ नका. ऑफिसभर होईल. असाच हस्ताक्षरात द्या, मी स्वतः पुढं नेतो." आणि त्यानं नेला. शिफारस मान्य झाली. वसंतशेट वर गेले नाहीत. त्यांनी तक्रार मागेही घेतली नाही. नुसती सोडून दिली.

केंद्रावर अटी आल्या. पिशव्यांना खोळी आणि घरागणिक वेगळा थर्मामीटर, हे तर झालंच. महत्त्वाची अट अशी, की बाई पाठवायच्या आधी विमलताईंनी किंवा त्यांच्या माणसानं त्या घरी जायचं, बाईचं पूर्ण नाव सांगायचं आणि चार गोष्टी कबूल करून घ्यायच्या: पाणी पेशंटजवळ, वळवायला घरचा एक माणूस, खाट हाकेच्या अंतरावर, आणि बाईला पुढच्या दारानं प्रवेश. कबूल नसेल तर बाई मिळणार नाही. बाई गेल्यावर आठवड्यातून एकदा तिला एकटीला भेटायचं, घरच्यांसमोर नाही.

विमलताईंना वाटलं होतं तसं झालंही. बऱ्याच घरांनी दार लावलं. काही महिने केंद्राच्या बायका बाकावर बसून असायच्या आणि मला तिथं जायला जड वाटायचं. मग एकेक घर येऊ लागलं. ज्याच्या घरात माणूस पडलेला आहे, त्याला शेवटी हात लागतातच. ज्यांची खात्री नव्हती अशा काही घरांनी "चालेल" म्हटलं, आणि ज्यांच्यावर आमचा भरवसा होता अशा काहींनी "विचार करून सांगतो" म्हटलं आणि कधी सांगितलं नाही.

जिजींकडे पुन्हा जायला कौसाबाई तयार नव्हत्या. "म्हातारीचं लय वाटतं," त्या म्हणाल्या, "पण मी न्हाई जायची. ज्याला पायजे त्यानं येऊन मनावं."

वसंतशेट गेले नाहीत. सरोज गेली. भर दुपारी, सायकल रिक्षानं, भीमनगरात, सगळ्यांच्या देखत. हे मला कौसाबाईंनी नंतर सांगितलं. सरोज दारात उभी राहिली. कौसाबाईंनी तिला चहा विचारला नाही आणि तिनं पाणी मागितलं नाही. दोघींनाही ती परीक्षा त्या दिवशी नको होती. सरोज एवढंच म्हणाली, "जिजींना आतल्या खोलीत आणलंय. खाट मी हलवली. तुम्ही पुढच्या दारानं या."

"शेट काय मनले?" कौसाबाईंनी विचारलं.

"काही नाही म्हणाले. दुकानात गेले."

कौसाबाई दुसऱ्या दिवसापासून जायला लागल्या. आता पहिल्यासारखं मुक्कामाला नाही, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. घरात शिरताना पहिले काही दिवस पाय अडखळायचा, म्हणाल्या. मी महिन्यातून एकदा जाऊन जखम बघत असे. खोल जखम आतून भरत येते, वरून नाही, त्यामुळं घाई चालत नाही. उन्हाळा सरला, पावसाळा गेला, आणि थंडीत एकदा गॉज काढला तर खाली गुलाबी, पातळ, नवी कातडी होती. जिजींना मी आरसा धरून दाखवायला लागले तर त्या म्हणाल्या, "मला काय दाखवताव? हिला दाखवा." कौसाबाईंनी बघितलं आणि पावडर लावली.

वसंतशेट त्या वेळी घरी होते. नमस्कार करून म्हणाले, "सिस्टर, आईला आराम आहे." त्यापलीकडे आमचं त्या विषयावर बोलणं झालं नाही. मोंढ्यातले चार लोक त्यांना काय बोलले, ते मला कधी कळलं नाही. दोन एक वर्षांनी जिजी गेल्या, तापानं. पाठ शेवटपर्यंत कोरडी होती.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी नर्सिंगच्या मुलींना शिकवत असे. त्या इन्स्पेक्शनची चेकलिस्ट मागायच्या. मी ती द्यायचे. पाणी, साबण, खोळ, थर्मामीटर, सगळं त्यात असायचं. पण सोबत सांगायचे, की तपासायला गेल्यावर काम करणाऱ्या बाईला आधी एवढंच विचारा, तुम्हाला काय न सांगायला सांगितलंय? ती बहुतेक वेळा उत्तर देणार नाही. ती गप्प राहिली की तिथंच थांबायचं, आणि घरच्यांनी चहा देऊन निरोप दिला तरी पुढच्या घरी जायचं नाही.